मुलुंडमधली गुलाबी शिळा: वाहक कोण? एक प्रकरण अभ्यास

प्रकरण कसे उभे राहिले

मुलुंड पश्चिमेला, राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराकडे तोंड करून असलेल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या बागेत गुलाबी-करड्या रंगाची एक मोठी शिळा आहे. तिची लांबी सुमारे 2.4 मीटर, रुंदी 1.6 मीटर आणि जमिनीवरची उंची 1.3 मीटर भरते. बागेत मुलांसाठी माहितीचे फलक लावायचे असे संस्थेच्या व्यवस्थापन समितीने ठरवले. झाडांचे फलक बिनबोभाट मंजूर झाले, मात्र शिळेच्या फलकाचा मसुदा वाचून समितीतल्या दोघांनी शंका घेतली. मसुद्यात लिहिले होते: ‘हिमयुगात हिमनदीने वाहून आणलेली शिळा. वय सुमारे 20,000 वर्षे.’

हा मसुदा संस्थेतल्या एका निवृत्त अभियंत्याने केला होता. मुलीकडे कॅनडाला गेले असताना त्यांनी अल्बर्टा प्रांतातल्या ओकोटोक्स गावाजवळची प्रसिद्ध शिळा पाहिली होती. सपाट गवताळ रानात एकटीच पडलेली ती प्रचंड शिळा पाहून, आपल्या बागेतली शिळाही अशीच असली पाहिजे असे त्यांना वाटले आणि त्यांनी त्यावर दोन पानी टिपण तयार केले. मी भूशास्त्र शिकवतो हे समितीच्या सचिवांना ठाऊक होते, म्हणून टिपण आणि मसुदा दोन्ही माझ्याकडे अभिप्रायासाठी आले.

ते टिपण थट्टेवारी नेण्यासारखे अजिबात नव्हते, आणि प्रकरण सविस्तर लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे. टिपणात तीन मुद्दे होते. पहिला, शिळेचा खडक मुंबईच्या खडकाशी जुळत नाही. दुसरा, तिच्या एका बाजूवर समांतर खोबणी आहेत, आणि हिमनदीने ओढलेल्या दगडांवर समांतर ओरखडे असतात. तिसरा, ती गोलसर असून आजूबाजूच्या कोणत्याही कातळाशी न जोडलेली, मोकळी पडलेली आहे. हिमनद्यांनी आणलेल्या शिळा ओळखताना भूशास्त्रज्ञ जवळजवळ हेच तीन प्रश्न विचारतात. तरीही या शिळेच्या बाबतीत निष्कर्ष चुकीचा निघाला. तो कोणत्या पायरीवर चुकला हे पाहण्याजोगे आहे.

परका खडक

पहिल्या मुद्द्यात वादाला जागा नव्हती. शिळेच्या ताज्या फुटक्या कडेवर भिंग धरले की काचेसारखे चमकणारे करडे क्वॉर्ट्झचे कण, त्यांच्यामध्ये नखाएवढे गुलाबी फेल्डस्पारचे स्फटिक आणि अधूनमधून काळ्या अभ्रकाचे पापुद्रे स्पष्ट दिसतात. हा ग्रॅनाइट आहे. तो जमिनीखाली खोलवर, अतिशय सावकाश थंड झालेला असतो, म्हणूनच त्यातले स्फटिक डोळ्यांनी ओळखता येण्याइतके वाढलेले असतात. मुंबईचा खडक मुख्यतः बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले, आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्या लाव्ह्याखाली झाकलेला आहे. अंधेरीची गिल्बर्ट हिल, राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, घारापुरीची लेणी ज्यात कोरली तो कातळ, ही सगळी त्याच ज्वालामुखी काळाची देणगी. मुंबईत काही ठिकाणी ऱ्हायोलाइट आणि ट्रॅकाइटसारखे फिकट रंगाचे खडकही सापडतात, पण तेही ज्वालामुखीचेच आणि बारीक कणांचे असतात. नखाएवढ्या गुलाबी स्फटिकांचा ग्रॅनाइट मुंबईच्या जमिनीवर उघडा पडलेला कुठेही नाही.

तो मुंबईच्या जमिनीखाली असू शकतो, पण फार खोल. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी जी छिद्रे पाडली, त्यांत सुमारे एक किलोमीटर जाडीचा बेसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइटच्या जातीचा पायाभूत खडक लागला. जमिनीवर असा खडक पाहायचा तर सिंधुदुर्गात, नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागात किंवा विदर्भाच्या पूर्व टोकाला जावे लागते. त्यातल्या नांदेडच्या देगलूर-बिलोली भागापासून मुंबईपर्यंतचे सरळ अंतर पाचशे किलोमीटरच्या घरात आहे. म्हणजे ही शिळा दूरवरून आलेली आहे, हे टिपणातले विधान बरोबर होते आणि अभिप्रायात मी ते तसेच मान्य केले.

पण शिळा प्रवास करून आली एवढेच खडकाच्या परकेपणावरून सिद्ध होते. तिला कोणी आणले याबद्दल खडक स्वतः काही सांगत नाही. त्यासाठी वाहकाच्या खुणा वेगळ्या शोधाव्या लागतात: शिळेच्या पृष्ठभागावर, तिच्या खालच्या जमिनीत आणि ती ज्या वाटेने आली असे म्हणायचे त्या वाटेवर. टिपण नेमके इथे पहिल्या पायरीवरून थेट शेवटच्या पायरीवर गेले होते.

वाटेचा पुरावा किती महत्त्वाचा असतो हे ओकोटोक्सच्या शिळेवरूनच समजते. ती क्वॉर्ट्झाइट खडकाची आहे. तिचे वजन सुमारे 16,500 टन, लांबी 41 मीटर, रुंदी 18 मीटर आणि उंची 9 मीटर आहे. गवताळ रानात ती परकी आहेच, परंतु ती हिमनदीने आणली हे तिच्या एकटीवरून ठरलेले नाही. रॉकी पर्वतात जॅस्परच्या बाजूला एक दरड हिमनदीच्या पाठीवर कोसळली. ते सगळे दगड बर्फाबरोबर आधी पूर्वेकडे आणि मग दुसऱ्या एका महाकाय हिमस्तराने अडवल्यामुळे पर्वताच्या कडेकडेने दक्षिणेकडे वाहत गेले, आणि बर्फ वितळल्यावर जिथल्या तिथे राहिले. त्यामुळे त्याच खडकाच्या लहानमोठ्या हजारो शिळांची सुमारे 580 किलोमीटर लांबीची अरुंद माळ आजही जमिनीवर दाखवता येते. ओकोटोक्सची शिळा त्या माळेतला सर्वांत मोठा मणी आहे. आपल्या शिळेच्या बाबतीत हाच निकष लावला, तर नांदेडकडून आलेल्या बर्फाने मराठवाड्यात, नगरच्या पठारावर, घाटमाथ्यावर आणि ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर अशाच गुलाबी ग्रॅनाइटचे दगड विखुरलेले सापडायला हवेत. गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत भूशास्त्रज्ञ हा सगळा प्रदेश पायी हिंडले आहेत, आणि तिथे अशी माळ नाही.

गोलाई

टिपणातला तिसरा मुद्दा लवकर निकालात निघतो, म्हणून तो आधी घेतो. ग्रॅनाइटला गोल होण्यासाठी जागचे हलावेसुद्धा लागत नाही. जमिनीखाली असतानाच त्याला उभ्या-आडव्या तडा गेलेल्या असतात. त्यांतून पाणी झिरपते, ठोकळ्यांचे कोपरे तीन बाजूंनी कुजतात आणि मधला गाभा गोल होत जातो. वरची भुसभुशीत माती वाहून गेली की हे गाभे एकमेकांवर रचल्यासारखे उघडे पडतात. हंपीला किंवा हैदराबादच्या आसपास ज्यांनी अशा शिळांच्या राशी पाहिल्या असतील त्यांना हे लगेच पटेल. आपल्या बेसाल्टचेही तसेच होते. राष्ट्रीय उद्यानात रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटत चाललेले काळे गोटे दिसतात, आणि ते जिथे तयार झाले तिथेच असतात.

उलट, हिमनदीच्या पाठीवर बसून आलेली शिळा सहसा कोनदार राहते, कारण तिला वाटेत कोणी घासलेले नसते. अभियंत्यांनी टिपणाला जोडलेल्या छायाचित्रातच ओकोटोक्सच्या शिळेच्या धारदार कडा आणि मधोमध उभी फाकलेली भेग नीट दिसत होती. बर्फाच्या तळाशी घासटत आलेले दगड मात्र झिजतात, पण त्यांना बहुधा एक-दोन सपाट घोटलेल्या बाजू असतात आणि त्यांवर ओरखडे असतात. म्हणजे गोलाई या प्रकरणात कोणाच्याच बाजूने साक्ष देत नव्हती.

खोबणी

खरा कस दुसऱ्या मुद्द्याचा होता. शिळेच्या उत्तरेकडच्या बाजूवर, वरच्या कडेपासून खाली उतरणाऱ्या सहा खोबणी आहेत. दुरून पाहिले की त्या ओरखड्यांसारख्या दिसतात. अभियंत्यांनी त्यांची छायाचित्रे काढून हिमनदीच्या ओरखड्यांच्या छायाचित्रांशेजारी मांडली होती, आणि कागदावर दोन्हींमध्ये बरेच साम्य भासत होते.

जवळ जाऊन पाहिले तेव्हा चित्र बदलले. प्रत्येक खोबण अर्धगोल आहे, आणि तिची रुंदी वरपासून खालपर्यंत सुमारे साडेतीन सेंटिमीटर, सारखीच राहते. शेजारच्या दोन खोबणींमधले अंतर जवळपास एक वीत, तेही सगळीकडे एकच. सगळ्या खोबणी ओळंब्यात धरल्यासारख्या सरळ आहेत आणि जवळजवळ एकाच खोलीवर, बोथट गोल तळ होऊन थांबतात. खोबणीच्या आत बोट फिरवले तर आडवी, बारीक, एकाआड एक वळी लागतात. फिरत्या आणि ठोके देणाऱ्या पोलादी टोकाची ती खूण आहे. शिवाय ज्या बाजूवर या खोबणी आहेत ती एकच बाजू सपाट आणि ताज्या रंगाची आहे. बाकी सगळ्या शिळेवर पावसापाण्याने आलेली तपकिरी साय आहे, या बाजूवर ती नाही.

खाणीत ग्रॅनाइटचा मोठा ठोकळा फोडताना एका रेषेत, ठरावीक अंतरावर ड्रिलने भोके पाडतात, त्यांत लोखंडी पाचरी बसवतात आणि क्रमाने ठोकत जातात. दगड त्या रेषेत उकलतो. उकललेल्या दोन्ही तुकड्यांवर प्रत्येक भोकाचा अर्धा-अर्धा भाग राहतो. मुंबईत बांधकामाच्या जागांवर आणि समुद्राच्या भिंतींना टाकलेल्या दगडांवर अशी अर्धी भोके पाहायला मिळतात, फक्त एरवी कोणी थांबून पाहत नाही.

हिमनदीचे ओरखडे असे नसतात. बर्फाच्या तळाला गोठून अडकलेले कण आणि दगड खालच्या कातळावरून ओढले जातात. त्यामुळे ओरखडे साधारण एका दिशेला असले तरी प्रत्येकाची रुंदी आणि खोली वेगळी असते, काही मध्येच सुरू होऊन मध्येच विरतात, काही एकमेकांना तिरके छेदतात, आणि त्यांच्या भोवतीचा पृष्ठभाग दगडाच्या बारीक पिठाने घोटून गुळगुळीत झालेला असतो. शिवाय असे ओरखडे चुनखडकासारख्या बारीक कणांच्या खडकावर चांगले उमटतात व टिकतात. भरड ग्रॅनाइटवर उघड्या हवेत कण सुटत गेल्यामुळे ते लवकर पुसले जातात. एक वीत अंतराने सारख्या रुंदीच्या सहा अर्धनळ्या पाडणारी हिमनदी असू शकत नाही.

अभियंते शेजारीच उभे होते. त्यांनी खिशातली पट्टी काढून सहाही खोबणींची रुंदी स्वतः मोजली आणि म्हणाले, “सर, टॉलरन्स, म्हणजे मापातला फरक, इतका कमी आहे म्हणजे हे मशीनचंच काम.” आयुष्यभर यंत्रांबरोबर काम केलेल्या माणसाला ही गोष्ट माझ्यापेक्षा लवकर पटली.

शिळेखालची जमीन

तरीही एक शक्यता उरत होती, आणि ती डावलणे योग्य झाले नसते. माणसाने शिळा हलवली किंवा फोडली म्हणजे त्याआधी हिमनदीने ती हलवली नव्हती असे होत नाही. सेंट पीटर्सबर्गमधल्या पीटर द ग्रेटच्या घोडेस्वार पुतळ्याखालचा ग्रॅनाइट याचे उत्तम उदाहरण आहे. हिमनदीने आणून टाकलेली ती शिळा लाख्ता गावाजवळच्या दलदलीत सापडली. 1769–70 च्या हिवाळ्यात, जमीन गोठलेली असताना, ती धातूच्या गोळ्यांवरून सरकणाऱ्या सांगाड्यावर ठेवून माणसांनी समुद्रापर्यंत सुमारे सहा किलोमीटर ओढत नेली आणि पुढे तराफ्यावरून शहरात आणली. 1782 मध्ये पुतळ्याचे अनावरण झाले. त्या शिळेला दोन वाहक लाभले. मग मुलुंडच्या शिळेलाही आधी बर्फाने डोंगराच्या पायथ्याशी आणले आणि पुढे कोणी ती जागेवरच थोडी फोडली, असे म्हणता येईल का?

याचे उत्तर शिळेखाली होते. समितीची परवानगी घेऊन तिच्या एका कडेला हातभर खोल खड्डा घेतला. माळीदादांनी कुदळीने वरची लाल माती काढली, त्याखाली मुरूम लागला, आणि थोड्या वेळाने ते म्हणाले, “सर, हितं तर विटा लागतायत.” शिळेच्या बुडाखाली, अगदी तिला टेकून, विटांचे तुकडे, मंगलोरी कौलाची एक कड आणि प्लास्टिकच्या पिशवीचा चिंधा निघाला. मुरूम भरणीचा होता. त्यात दगडगोटे होते, पण सगळे बेसाल्टचे, खडीचे. जे खाली आहे ते वरच्याच्या आधी पडलेले असते, हा थरांचा सर्वांत जुना नियम इथे अक्षरशः लागू पडत होता. प्लास्टिकच्या पिशवीवर बसलेली शिळा त्या पिशवीनंतरच आलेली असणार.

वाहून आणायला ही शिळा अवघडही नाही. लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार करून, कोपरे गोल असल्यामुळे त्याचे साठ टक्के धरले, तर घनफळ सुमारे तीन घनमीटर येते. ग्रॅनाइटची घनता पाण्याच्या सुमारे 2.65 पट असल्याने वजन आठ टनांच्या आसपास निघते. बांधकामाच्या जागेवर नेहमी दिसणारी हायड्रा क्रेन आणि एक ट्रक एवढ्यावर काम भागते. शिळा संस्थेत केव्हा आली याबद्दल जुन्या रहिवाशांमध्ये मतभेद होते. काहींच्या मते ती पहिल्यापासून होती, काहींच्या मते बागेचे नूतनीकरण झाले तेव्हा ठेकेदाराने आणली. आठवणींवर निर्णय टाकण्याची गरजच उरली नव्हती.

खरी हिमवाहित शिळा कशावर बसलेली असते हे तुलनेसाठी सांगायला हवे. ती एकतर हिमनदीने सोडलेल्या माती-वाळू-गोट्यांच्या सरमिसळ गाळावर असते किंवा थेट घोटलेल्या कातळावर. इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या नॉर्बर या ठिकाणी गडद रंगाच्या जुन्या ग्रेवॅकच्या (एक प्रकारच्या वाळूखडकाच्या) शिळा पांढऱ्या, वयाने लहान चुनखडकावर बसल्या आहेत. भोवतीचा चुनखडक हजारो वर्षांच्या पावसात विरघळून खाली गेला, पण शिळेने झाकलेला भाग वाचला. त्यामुळे आज प्रत्येक शिळेखाली चुनखडकाचा छोटा चौथरा तयार झालेला दिसतो. तिथे शिळेखालची जमीन बर्फाची आणि त्यानंतरच्या काळाची साक्ष देते, इथे ती ठेकेदाराच्या भरणीची साक्ष देत होती.

हाच वाद, मोठ्या प्रमाणावर

मुलुंडच्या बागेत जो प्रश्न पडला तोच एकोणिसाव्या शतकात संपूर्ण युरोपला पडला होता, आणि म्हणून हे प्रकरण मला छोटे वाटत नाही. आल्प्स पर्वतातला ग्रॅनाइट त्यापासून दूर असलेल्या ज्युरा डोंगरांच्या चुनखडकावर पडलेला आहे हे सर्वांना दिसत होते. शिळा परक्या आहेत याबद्दल दुमत नव्हते, भांडण फक्त वाहकाचे होते. काहींनी महापुराला श्रेय दिले. चार्ल्स लायेल यांच्यासारख्या मोठ्या भूशास्त्रज्ञाने, समुद्रावर तरंगत आलेल्या हिमनगांनी हे दगड टाकले असे मांडले. बर्फाची खरी बाजू प्रथम लक्षात आली ती डोंगरात राहणाऱ्या एका माणसाच्या. स्वित्झर्लंडमधल्या बान्य खोऱ्यातल्या ज्याँ-पिएर पेरोदँ याने 1815 मध्ये ज्याँ द शार्पांतिए या भूशास्त्रज्ञांना सांगितले की हिमनद्या पूर्वी फार खालपर्यंत पसरल्या होत्या आणि हे दगड त्यांनीच आणले आहेत. शार्पांतिए यांना ती कल्पना त्या वेळी विचारात घेण्याजोगीही वाटली नाही. पुढे इग्नात्स व्हेनेट्स या अभियंत्याने पुरावे गोळा केले, शार्पांतिए स्वतः त्या मताचे झाले, आणि 1837 मध्ये स्वित्झर्लंडमधल्याच नूशातेल येथे निसर्गशास्त्रज्ञ लुई आगासी यांनी हिमयुगाची कल्पना विद्वानांपुढे उघडपणे मांडली.

या सर्वांचे मत टिकले, कारण त्यांनी शिळांबरोबर घोटलेला कातळ, ओरखडे आणि हिमोढांच्या, म्हणजे हिमनदीने सोडलेल्या दगडमातीच्या, टेकड्या एकत्र दाखवल्या. चालू हिमनदीच्या तोंडाशी जे घडताना दिसते तेच खाली कोसो दूर घडून गेलेले आहे हे त्यांना दाखवता आले. हिमनग दगड वाहून नेतात हे लायेल यांचे म्हणणेही पूर्णपणे खोटे नव्हते. अटलांटिकच्या तळावर हिमनगांनी टाकलेल्या दगडांचे थर आज माहीत आहेत. पण ज्युरातल्या शिळांचा वाहक तो नव्हता.

आजही असा वाद मिटलेला नाही. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळाचे ‘निळे दगड’ वेल्समधल्या प्रेसेली टेकड्यांतून, दोनशेहून अधिक किलोमीटरवरून आले आहेत. ते माणसांनी नेले असे बहुतेक पुरातत्त्वज्ञ मानतात, तर त्यांचा निदान काही प्रवास हिमनदीने घडवला असे म्हणणारे थोडे अभ्यासकही आहेत. बर्फाच्या बाजूची मोठी अडचण अशी, की स्टोनहेंजच्या भोवतालच्या मैदानावर त्याच जातीच्या दगडांचा विखुरलेला सडा सापडत नाही. 2024 मध्ये तिथला ‘वेदीचा दगड’ स्कॉटलंडच्या ईशान्य भागातला असल्याचे प्रसिद्ध झाले, आणि इतक्या लांबचा प्रवास कोणी घडवला हा प्रश्न अधिकच टोकदार झाला. वाटेवरची माळ हवी, हा ओकोटोक्सचा निकष तिथेही लागू पडतो आणि मुलुंडलाही.

मग मुंबईला बर्फ कधी होता का

अभियंत्यांचा पुढचा प्रश्न रास्त होता. ही शिळा नसेल, पण 20,000 वर्षांपूर्वी जगभर हिमयुग असताना मुंबईत काय होते? त्या वेळी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती, कारण तेवढे पाणी उत्तरेकडच्या खंडांवर बर्फ होऊन साचले होते. मुंबईसमोरचा समुद्र उथळ आणि रुंद तळाचा असल्याने किनारा दोनशे किलोमीटरहूनही अधिक पश्चिमेला सरकला होता, आणि मुंबईची मूळची सात बेटे म्हणजे कोरड्या मैदानातल्या टेकड्या होत्या. हिमयुगाचा मुंबईवरचा परिणाम हा असा होता. बर्फ मात्र इथे नव्हता. उष्ण कटिबंधातल्या पर्वतांवर त्या काळी हिमरेषा (जिच्या वर बर्फ वर्षभर टिकतो ती उंची) सुमारे एक हजार मीटर खाली आली तरी ती समुद्रसपाटीपासून कित्येक हजार मीटर उंचावरच राहिली, आणि महाराष्ट्रातल्या सह्याद्रीतले सर्वांत उंच शिखर कळसूबाई 1,646 मीटरचे आहे.

महाराष्ट्रात हिमनदी होऊन गेली हे मात्र खरे आहे. फक्त ती विदर्भात, आणि सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा भारत गोंडवन या महाखंडाचा भाग होता आणि दक्षिण ध्रुवाच्या बऱ्याच जवळ होता. ओडिशातल्या तालचेरजवळ 1856 मध्ये भूशास्त्रज्ञ ब्लॅनफर्ड बंधूंना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बारीक मातीत रुतलेल्या मोठमोठ्या शिळांचा थर आढळला, आणि तो बर्फाचे काम असावा असे त्यांनी सुचवले. उष्ण देशात बर्फ ही कल्पना अनेकांना पचली नाही. मग 1875 मध्ये चंद्रपूरजवळ, पैनगंगेच्या काठच्या इरई येथे फेडन या भूशास्त्रज्ञांनी त्याच थराखालचा चुनखडक घोटलेला आणि समांतर ओरखड्यांनी भरलेला असल्याचे नोंदवले. शिळा, त्यांच्याभोवतीचा गाळ आणि खालचा ओरबाडलेला कातळ असा सगळा संच एका ठिकाणी मिळाल्यावर वाहक ठरला.

त्या बर्फानंतर जवळपास 23 कोटी वर्षांनी मुंबईचा बेसाल्ट ओतला गेला. महाराष्ट्रातली हिमनदी नांदत होती तेव्हा मुलुंडचा डोंगर अस्तित्वातच नव्हता, आणि तो झाल्यापासून त्याच्यावर बर्फ चढलेला नाही. या एका कालगणनेवरूनही फलकाचा मसुदा नामंजूर करता आला असता, पण मुलांना शिळेजवळ उभे करून समजावण्यासाठी खोबणी आणि विटा अधिक उपयोगी पडतात असे माझे मत आहे.

फलकाचा निर्णय

समितीच्या बैठकीत एका सदस्यांनी आग्रह धरला की हिमनदीची गोष्ट आकर्षक आहे, मुले वाचतील, थोडे इकडचे तिकडे झाले तर काय बिघडते. मी त्याला स्पष्ट विरोध केला. फलकावर लिहिलेले मूल खरे मानते, आणि उद्या शाळेच्या प्रकल्पात तेच उतरवते. शिवाय खरी हकिगतही काही रूक्ष नाही: दूरच्या खाणीतला, खोल जमिनीत सावकाश थंड झालेला खडक, त्यावर माणसाच्या ड्रिलच्या सहा खुणा, आणि तो आणून ठेवलेली मुंबईची भरणीची जमीन. अभियंत्यांनी स्वतःच आपला मसुदा मागे घेतला आणि नवा लिहिण्याची तयारी दाखवली. ग्रॅनाइट कोणत्या खाणीचा हे सांगायचे तर त्याचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागेल आणि निरनिराळ्या खाणींच्या नमुन्यांशी ताडावा लागेल. फलकासाठी त्याची आवश्यकता नाही, असे ठरले.

नव्या मजकुरात वयाबद्दलच्या ओळीवर थोडी चर्चा झाली. मूळ मसुद्यातले 20,000 वर्षे हे शिळा जागेवर येऊन पडल्याचे वय म्हणून घेतले होते, पण वाचणारा ते खडकाचेच वय समजला असता. परदेशात हिमवाहित शिळांचे ‘वय’ सांगतात ते बहुधा त्यांचा पृष्ठभाग उघड्यावर आल्यापासूनचे असते. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे खडकात साठत जाणाऱ्या बेरिलियम-10 सारख्या अणूंवरून ते काढतात. खडक स्वतः त्याहून कोट्यवधी वर्षांनी जुना असतो. आपल्या शिळेची ही दोन्ही वये मोजलेली नसल्याने फलकावर कोणताच आकडा टाकू नये असे मी सुचवले, आणि समितीने ते मानले. खोबणी मुलांना हाताने चाचपता याव्यात म्हणून उत्तरेकडच्या बाजूची जास्वंदाची झुडपे हलवायची आणि फलक त्या बाजूला लावायचा, ही अभियंत्यांची सूचनाही त्याच बैठकीत मंजूर झाली.